पाच दाबलं की नाणं पडतं

'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे नाव उमरखेडमध्ये घेतलं तर बहुतेक लोक नुसते तोंडाकडे बघतील. 'मुस्तफा' म्हणा, मग बघा. तिशी-चाळिशीतला माणूस, तो आता कृषी केंद्र चालवत असो की जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असो, मुस्तफाची पळत जाऊन मारलेली लाथ तुम्हाला उभ्या जागी हातवारे करून दाखवेल.

खरं तर त्या गेमचा हिरो मुस्तफा नाहीच. हिरो आहे जॅक टेनरेक नावाचा मेकॅनिक. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकारानं १९८० च्या दशकात 'झेनोझोइक टेल्स' नावाचं कॉमिक काढलं, त्यातली ही मंडळी. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये त्यावर गेम केला. खेळायला चार पात्रं होती: जॅक, हॅना, मेस आणि टोपीवाला मुस्तफा कैरो. आपल्याकडच्या पोट्ट्यांनी चौघांतून ओळखीचं वाटणारं एकच नाव उचललं आणि अख्ख्या गेमचं बारसं करून टाकलं. हे फक्त उमरखेडचं नाही. देशभर कित्येक गावांत हा गेम याच नावानं ओळखला जातो.

गंमत पुढेच आहे. कॅपकॉमनं हा गेम फक्त दुकानातल्या नाणं टाकायच्या पेटीसाठी केला होता. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तो निघाला नाही, कॉम्प्युटरसाठी तर नाहीच. (त्याच नावाचा गाडी चालवायचा एक गेम १९९४ मध्ये सेगा सीडीवर आला, पण तो पूर्ण वेगळा.) तरी माझ्या पिढीतल्या ज्यांनी मुस्तफा शेवटच्या बॉसपर्यंत खेळून संपवला, त्यातल्या बहुतेकांनी तो कॉम्प्युटरवरच संपवला. ज्या यंत्रासाठी तो केलाच नव्हता, त्या यंत्रावर.

व्हिडिओ गेमचा इतिहास इंटरनेटवर वाचायला गेलात तर तो अटारी, निन्टेंडो, सेगा, सोनी अशा यंत्रांच्या क्रमानं लिहिलेला दिसेल. त्या क्रमात उमरखेड कुठेच बसत नाही. आमच्याकडे यातलं एकही यंत्र वेळेवर आणि अस्सल आलं नाही. आले ते गेम, दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राच्या खांद्यावर बसून. म्हणून आमचा इतिहास लिहायचा तर यंत्रं बाजूला ठेवून ते खांदे कुणाचे होते ते शोधावं लागतं.

पेटीपासून सुरुवात करू, कारण पेटी तेवढी मूळ रूपात होती. म्हणजे, जवळपास.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, पण आम्हाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. पैनगंगा ओलांडली की हदगाव आणि पुढे सरळ नांदेड. नवं काहीही आमच्याकडे त्याच रस्त्यानं यायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हिडिओ गेमच्या पेट्याही तशाच आल्या असाव्यात. प्लायवूडची पेटी, आत जुन्या टीव्हीचा पडदा, वर चिकटवलेलं भलत्याच गेमचं चित्र. एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि दोन-तीन जीव मिळायचे. हे गेम मुळात नाणी खाण्यासाठीच घडवलेले असतात. फार सोपा केला तर एकच पोरगा तासभर पेटी अडवून बसेल, फार अवघड केला तर कुणी दुसरं नाणं टाकणार नाही. दुकानदाराला आतल्या सेटिंगमधून अवघडपणा कमी-जास्त करता येतो. दुकानातल्या काकांनी आमच्यासाठी तो कुठे ठेवला होता, ते आमच्या खिशाला बरोबर माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या पुढे काय आहे, हे आम्हाला मोठ्या पोरांच्या पाठीमागून डोकावूनच कळायचं.

पेटीच्या आत एक बोर्ड असायचा. त्यावर मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर, साधारण १२ मेगाहर्ट्झचा. आवाजासाठी झेड८० हा दुसरा प्रोसेसर. आणि या आवाजाच्या भागात कॅपकॉमनं एक जहरी युक्ती करून ठेवली होती. झेड८० चा प्रोग्राम कूटलिपीत होता, आणि ती उलगडायची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड बंद पडतो. बोर्डाची नक्कल होऊ नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. जुन्या पेट्या जमवणारे हौशी लोक तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. असे मेलेले बोर्ड उठवायच्या युक्त्या याच हौशी लोकांनी पुढे शोधून काढल्या. पण कंपनीच्या हिशेबात अस्सल मुस्तफाचं मरण जन्मापासूनच ठरलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्यांच्या घरी परवानगी होती त्यांच्याकडे टीव्हीला लावायचा गेम आला. लिटल मास्टर, समुराई, मीडिया अशी नावं होती, शिवाय नाव नसलेले डबे वेगळे. कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. हे सगळे डबे निन्टेंडोच्या फॅमिकॉमचीच पोरं. जपानमध्ये फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ या स्वस्त आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या चिपवर बेतलेला होता. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी तशाच चिपा बनवल्या, आणि मग पृथ्वीभर डुप्लिकेट फॅमिकॉम पसरले. आम्ही 'मारिओ' आणि 'काँट्रा' खेळलो ते या चिपांवर. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत वीसेक गेम नावं बदलून फिरत राहायचे. फसवणूक होती. पण ती आम्हाला पहिल्याच दिवशी समजायची आणि त्यावरून कुणी भांडायला गेल्याचं मला आठवत नाही. मुस्तफा मात्र या डब्यात मावणारा नव्हता. ती ताकदच त्यात नव्हती.

मग कॉम्प्युटर आला. गेमसाठी नव्हे, प्रमाणपत्रासाठी.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा कोर्स महाराष्ट्रभर पसरला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, तशी तालुक्याच्या गावात क्लासेसची रांग लागली. चपला बाहेर, पडदे ओढलेले, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं कव्हर. वर्डमध्ये अर्ज लिहायचा, एक्सेलमध्ये बेरीज करायची. जिथं मी शिकलो तिथं सरांचा नियम असा की दिलेलं काम संपलं आणि वेळ उरला तर गेम चालेल. त्यामुळे उमरखेडमध्ये एक्सेलची बेरीज विक्रमी वेळात होऊ लागली.

त्या मशीनमध्ये पहिल्यांदा भेटला डेव्ह. 'डेंजरस डेव्ह', लाल टोपीचा छोटा माणूस. कप घ्यायचा, मग दार उघडतं, असे दहा लेव्हल. या डेव्हची जन्मकथा आमच्या विषयाच्या अगदी मधोमध बसते. जॉन रोमेरो या अमेरिकन पोरानं तो १९८८ मध्ये ऍपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला. डोळ्यासमोर उघडउघड निन्टेंडोचा मारिओ होता. मग तो डॉसवर आला आणि तिथून कसाबसा आमच्या क्लासपर्यंत.

पण मला त्याहून आवडते ती १९९० च्या सप्टेंबरमधली एक रात्र. अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट गावी रोमेरोचे दोन सहकारी, जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल, ऑफिसात जागत बसले होते. मारिओमध्ये आपण पळतो तशी मागची जमीन सरकत जाते. तेव्हाच्या साध्या पीसीला हे जमत नसे, सगळा पडदा नव्यानं रंगवता रंगवता तो दमून जायचा. कार्मॅकनं तोड काढली: पडद्याचे चौकोनी तुकडे पाडा आणि जे तुकडे बदलले तेवढेच पुन्हा रंगवा. त्या रात्री दोघांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' चा पहिला लेव्हल पीसीवर जसाच्या तसा उभा केला. मारिओच्या जागी डेव्ह टाकला, आणि नाव ठेवलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. चोरीचं नाव चोरीच. सकाळी रोमेरोला टेबलावर फ्लॉपी मिळाली आणि तो वेडा झाला. पुढे या लोकांनी पूर्ण नमुना करून निन्टेंडोला पाठवला. निन्टेंडोनं नको म्हटलं, त्यांना आपले गेम स्वतःच्याच यंत्रावर हवे होते. तेच तंत्र घेऊन या पोरांनी 'कमांडर कीन' काढला, मग आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी, मग 'डूम'. निन्टेंडोनं नाकारलेल्या त्या नमुन्याची फ्लॉपी २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्ट्राँग म्युझियमनं जपून ठेवायला घेतली.

म्हणजे बघा, दुसऱ्याच्या यंत्रावरचा गेम आपल्या यंत्रावर चालवून बघायची खाज ही काही गरिबाची किंवा खेड्याची गोष्ट नाही. पीसी गेमिंगचा एक मोठा धागा त्या खाजेतूनच निघाला.

आता मुस्तफा. तो क्लासमध्ये आला नांदेडहून आणलेल्या सीडीवर. एक फोल्डर, त्यात एक प्रोग्राम आणि 'डायनो' नावाची एक झिप फाईल, दहा एमबीच्याही आत. झिप उघडायची नाही, तशीच ठेवायची, हा नियम सगळ्यांना पाठ. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

कारण असं. त्या झिपमध्ये पेटीतल्या बोर्डावरच्या चिपांची हुबेहूब नक्कल होती, एकेका चिपची एकेक फाईल. तिला रॉम म्हणतात. आणि सोबतचा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसानं ५ फेब्रुवारी १९९७ ला 'मेम' या एम्युलेटरची पहिली आवृत्ती मोफत सोडली. आरंभी त्यात पॅक-मॅनसारखे मोजके गेम चालत. मग जगभरचे हौशी लोक जुळत गेले, आपापल्या गावातले जुने बोर्ड उघडून चिपा वाचत गेले. आमच्या सीडीवर असायचा तो बहुधा विनकवॅक्स, कॅपकॉमचे गेम चालवणारा दुसरा एम्युलेटर.

एम्युलेटर करतो काय, हे समजायला मराठी माणसाला एक घरचं उदाहरण आहे. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट कार्ड. डॉसचे प्रोग्राम इंग्रजीसाठी केलेले. पण हे कार्ड कॉम्प्युटरमध्ये खोचलं की त्याच प्रोग्राममध्ये देवनागरीत टाइप करता यायचं. प्रोग्रामला वाटे आपण नेहमीसारखीच अक्षरं साठवतोय. पडद्यावर त्यांची देवनागरी करून दाखवायचं काम मधल्या मध्ये कार्ड करी. म्हणजे मुस्तफाच्या कितीतरी आधी, मराठी स्वतः अशा यंत्रावर चालत होती जे तिच्यासाठी केलेलं नव्हतं.

एम्युलेटरचं काम याहून खोल आहे. तो गेमला अख्खी पेटीच आहे असं भासवतो. गेम म्हणतो, ६८०००, ही बेरीज कर. तिथं ६८००० नाही, इंटेलचा सेलेरॉन आहे. दुभाष्या ती आज्ञा वाचतो, सेलेरॉनच्या भाषेत करून घेतो, उत्तर परत ६८००० च्या रूपात देतो. असं सेकंदाला लाखो वेळा, वर पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रं. दुभाष्या ठेवला की वेळ जातोच, म्हणून १२ मेगाहर्ट्झच्या पेटीची नक्कल करायला त्याच्या कितीतरी पट वेगवान मशीन लागतं. क्लासमधलं ८००-९०० मेगाहर्ट्झचं स्वस्त मशीन त्याला पुरून उरायचं. 'व्हाइस सिटी' मागायचा ३२ एमबीचं व्हिडिओ कार्ड, ते कुणाकडेच नव्हतं. मुस्तफा काहीच मागायचा नाही. तालुक्याच्या गावांत तो इतका का टिकला, याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण.

आणि गेम बदलला. कीबोर्डवर ५ दाबलं की नाणं पडायचं. टण्‌ आवाज येतो, क्रेडिट एकनं वाढतं. ५, ५, ५, ५. ज्या रुपयासाठी आम्ही आईच्या डब्यातल्या चिल्लरवर डोळा ठेवायचो तो आता बोटाखाली होता. पहिल्या दिवशी मी वीसेक नाणी टाकली आणि गेम शेवटपर्यंत नेला, धडाधड मरत. संपला तेव्हा वाटलं, एवढंच होतं? पेटीवर प्रत्येक जीव जपावा लागे, कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं हे शिकावं लागे. ती सगळी विद्या एका बटणानं निकामी केली. दुभाष्यानं प्रत्येक आज्ञा बरोबर सांगितली. पण रुपया जाण्याची भीती ही आज्ञा नव्हती, ती कुठल्याच चिपमध्ये लिहिलेली नव्हती.

दुसरं भांडण कीबोर्डचं. पेटीवर प्रत्येकाला आपापली दांडी. इथं दोघं एकाच कीबोर्डवर, खांद्याला खांदा. आणि ऐन मारामारीत एकाची लाथ उमटायचीच नाही. 'तू बटण दाबून धरलं म्हणून माझं चालेना' हा आरोप रोजचा होता आणि तो खराच असायचा. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, आणि काही विशिष्ट तीन बटणं एकदम दाबली की कोणतं दाबलंय ते जाळीला कळत नाही, मग ती एक बटण सोडून देते. टायपिंगसाठी केलेल्या वस्तूला तिघा-चौघांची मारामारी कशी कळणार?

एक मात्र पेटीपेक्षा भारी होतं. त्या वर्षांत भारनियमन असं होतं की वीज किती तास आहे यावर दिवस ठरायचा. यूपीएस पाच-दहा मिनिटं तग धरायचा आणि टीं टीं करत मान टाकायचा. एम्युलेटरमध्ये चालू क्षण गोठवून ठेवायची सोय असते. खोट्या पेटीची सगळी मेमरी जशीच्या तशी फाईलमध्ये लिहून टाकायची, वीज आली की तिथूनच पुढे. मुस्तफा हवेत असला तर हवेतच. खऱ्या पेटीला हे कधीच जमलं नसतं.

आता चोरीचं काय? होती की. त्या सीडीतला एक पैसा शुल्ट्झला मिळाला नाही, कॅपकॉमलाही नाही, आणि एम्युलेटर फुकट वाटणाऱ्यांनाही नाही. त्यांची मेहनत दुसराच कुणी विकत होता. पण चोरी कशाची, हे नीट वेगळं करायला हवं. सोनीनं प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्सवर अमेरिकेत खटला भरला. २००० मध्ये अपील कोर्टानं कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला: दुसऱ्याच्या यंत्रासारखं वागणारा प्रोग्राम स्वतः लिहिण्यासाठी ते यंत्र उलगडून अभ्यासणं हा गुन्हा नाही. (हरलेल्या सोनीनं नंतर तो प्रोग्रामच विकत घेतला आणि बंद करून टाकला. पैसा असला की असंही जिंकता येतं.) आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही एका प्रोग्रामचं दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायला मोकळीक आहे. दुभाष्या कायदेशीर. झिप फाईल नाही.

मग झिप फाईल नको म्हणणाऱ्यानं मुस्तफा घ्यायचा कुठून? कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात तो नाही. त्याच घराण्यातला 'द पनिशर' २०२४ च्या मार्व्हल संचात आला, मुस्तफा पुन्हा नाही. पात्रं शुल्ट्झची, नावात जनरल मोटर्सची गाडी, इतक्यांचे हक्क एका टेबलावर आणायचे तर खर्च आलाच. दुकानात तो मिळत नाही, अस्सल बोर्ड बॅटरीवर जगतो. अशा वेळी त्या बेकायदा झिप फाईलीबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. रुपये घेऊन सीडी विकणाऱ्याबद्दल थोडं वाटतं.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि सीडीचा रस्ता संपला. माझा भाचा आता मुस्तफा फोनवर खेळतो. काचेवर काढलेली बटणं, बोट कुठे आहे ते बोटाला कळत नाही, तरी खेळतो. 'विनलेटर' नावाच्या ॲपवर तो पीसीचे जुने गेमही चालवतो. तिथं दोन-दोन दुभाषे एकावर एक बसलेले असतात. बॉक्स६४ इंटेलची भाषा फोनच्या एआरएम चिपला सांगतो, आणि वाईन विंडोजची भाषा लिनक्सला. या वाईनवर लोक १९९३ पासून काम करत आहेत. १.० ही आवृत्ती यायलाच २००८ उजाडलं. आणि उलटंही चालतं, फोनसाठी केलेला पबजी लोक कॉम्प्युटरवर खेळत होतेच.

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, हे कॉईनचं बटण कशाला ठेवलंय? फुकटच तर आहे." त्याला पेटी समजावून सांगायला अर्धा तास गेला. शेवटी त्यानं विचारलं की ती पेटी आता कुठे आहे.

ते विचारण्यासारखं आहे. मेमच्या यादीत या एका गेमच्या कितीतरी नोंदी आहेत. कॅपकॉमच्या अस्सल आवृत्त्या आहेतच, पण चोरून बनवलेल्या बोर्डांच्याही स्वतंत्र नोंदी आहेत. एकात आवाजाची कुलूपबंद व्यवस्था काढून तिथं साधी पीआयसी चिप बसवलेली, एक चिनी नक्कल 'डायनोसॉर हंटर' नावाची. कुणीतरी बसून त्या नकलांच्याही चिपा वाचल्या, काय बदललं ते लिहून ठेवलं. आपल्याकडच्या पेट्यांत असेच बोर्ड असण्याची शक्यता मोठी. त्यांच्यात ती बॅटरी नसेल, तर ते अस्सलपेक्षा जास्त जगलेही असतील. उमरखेड, पुसद, महागाव, हदगाव, कुठेही कुणाच्या माळ्यावर, गोदामात, बंद पडलेल्या रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात असा धूळ खाल्लेला हिरवा बोर्ड असेल तर भंगारात किलोवर देऊ नका. आधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपांवरची अक्षरं वाचता येतील असा.